मार्लवाई ते दीक्षा

तेलंगणातल्या आदिलाबादच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा विषय निघाला की हल्ली चर्चा टॅब, डिजिटल फलक आणि ॲप इथून सुरू होते. ती 1943 पासून सुरू व्हायला हवी, असे मला वाटते. त्या साली हैदराबाद संस्थानाने मार्लवाई या गोंडांच्या गावात शिक्षक घडवणारे केंद्र काढले. मार्लवाई 2016 च्या पुनर्रचनेनंतर कोमाराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. 1943 मध्ये ते जुन्या, अवाढव्य आदिलाबाद जिल्ह्यात होते.

केंद्र निघण्याच्या तीनच वर्षे आधी जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा नेता कोमाराम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडला होता. जमीन आणि जंगल यांवरून गोंड का उठले, हे निजाम सरकारला समजून घ्यायचे होते. त्यासाठी ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईत राहिले. जमिनीच्या पट्ट्यांइतकीच शाळेची गरज त्यांना दिसली. पण शाळेत शिकवणार कोण? सरकारी शिक्षण उर्दूत, मुले गोंडी बोलणारी, आणि गोंडी बोलणारा शिकलेला माणूस शोधून सापडत नव्हता. जे थोडे तरुण जेमतेम वाचू शकत होते, त्यांची अक्षरओळख मराठीतून झालेली होती. मग त्यांनाच हाताशी धरले. गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. हे तरुण आधी स्वतः नीट वाचायला शिकले आणि शिकता शिकता शिकवायलाही शिकले. मुलांनी प्रथम गोंडी वाचायची, नंतर इतर भाषांकडे वळायचे, असा क्रम ठरला.

मराठी वाचकाला या कामाचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना याच जिल्ह्यात आदिवासींच्या कामावर होते. ते गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले. अधिकाऱ्याने लोकांची भाषा शिकावी, ही अपेक्षा तेव्हा फार अवघड मानली जात नव्हती. आजच्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात मात्र तिला तासाभराचीही जागा मिळताना दिसत नाही.

पुढे 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली. राजुरा आणि किनवटचा भाग मुंबई राज्याकडे आला, उरलेला जिल्हा आंध्रात गेला आणि देवनागरीतली गोंडी मागे पडली. 2004 च्या सुमारास आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांतून पहिलीची पुस्तके काढली. त्यांत गोंडी आणि कोलामी होत्या, पण लिपी तेलुगू होती. त्यानंतर नारनूर मंडलातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांमधली गोंडीची स्वतःची लिपी अभ्यासकांसमोर आली. 2018 साली युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ला जागा मिळाली, म्हणजे ती फोनवर उमटणे शक्य झाले. या लिपीतली व्यंजने क, ख, ग अशी चालत नाहीत. ती य, व, ब, भ, म अशी सुरू होतात आणि क त्यानंतर येतो. बाहेरून आलेला शिक्षक पडद्यावर तयार वर्णमाला लावून बसला, तर गुंजाल्याच्या मुलाला तो क्रम परकाच वाटणार. डिजिटल साधन हातात घेण्याआधी शिक्षकाला कळायला हवे ते हे.

पडद्यावरून शिक्षकांना शिकवण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग तेलुगू मुलखाने पाहिलेला आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरात ‘साइट’ या उपग्रह दूरदर्शन प्रयोगातून सहा राज्यांतल्या 2,400 गावांत कार्यक्रम दाखवले गेले. आंध्र त्या सहांत होता. एनसीईआरटीने त्याच काळात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण आखले. त्यात दूरदर्शनचा पाठ होता, रेडिओ होता, छापील पुस्तिका होती, हाताने करायचे प्रयोग होते आणि शंका सोडवायला जवळ बसलेला माणूस होता. ‘मिश्र अध्ययन’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण गोष्ट तीच होती. त्यातला शेवटचा घटक, जवळ बसलेला माणूस, पुढच्या योजनांत सर्वांत आधी गळाला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान त्यामुळेच झाले.

पुढे पडद्याची जागा फोनने घेतली: शिक्षकांसाठीचे केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे डिजिटल व्यासपीठ 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झाले. 21 ऑगस्ट 2019 ला सुमारे 42 लाख शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ प्रशिक्षण जाहीर झाले. करोनामुळे ते ऑक्टोबर 2020 मध्ये दीक्षावरच ऑनलाइन गेले. तेलंगणात 1 सप्टेंबर 2020 पासून मुलांचे तासही दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅट या वाहिन्यांवर आले. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. तास भरतात, प्रमाणपत्रे निघतात. पण त्या तासांत शिक्षक काय करतो? बहुतेक वेळ व्हिडिओ पाहतो आणि शेवटी पर्याय निवडून चाचणी देतो.

जिल्ह्यातल्या शिक्षकाची खरी अडचण फार बारीक असते. पेनगंगेकाठच्या बेला, जैनथ भागात मराठी घराघरांत आहे आणि जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. दीक्षा उघडले की ते आधी शिक्षण मंडळ, माध्यम आणि इयत्ता विचारते. महाराष्ट्र मंडळाचे मराठी साहित्य तिथे विपुल आहे, पण ते बालभारतीच्या पुस्तकाला धरून. मुलाच्या दप्तरातले पुस्तक तेलंगणाचे. अपूर्णांकाचा कुठला व्हिडिओ आपल्या कुठल्या धड्याला लागू पडतो, ही जुळवाजुळव शिक्षकालाच करावी लागते. डोंगराकडच्या शाळेत रेंज नसेल तर पुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरून उपयोग नाही. मग तालुक्याच्या गावी असताना साहित्य उतरवून घ्यायचे, एका फोनवरून दुसऱ्यावर द्यायचे. ॲपमध्ये तशी सोय आहे. कोड फाटला किंवा पुसट झाला असेल तर त्याखालची सहा अक्षरे टाइप केली तरी पाठ उघडतो. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी या गोष्टी शिक्षकाच्या हातून करून घ्यायला हव्यात.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची मूळ हकिकत आपल्या महाराष्ट्रातली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले रुजू झाले, तेव्हा मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेतले होते. ते कन्नड शिकले, मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकाला कोड जोडून त्यामागे कविता, गोष्टी, पाठ ठेवले. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. कोड राज्यभर आणि मग देशभर पोचला. कोडामागचा पाठ शिक्षकाने स्वतः तयार करावा, हा त्यातला गाभा मात्र तेवढा पोचला नाही.

आदिलाबादेत त्या जातकुळीचा शिक्षक आहे. सरकारी शाळेतले तोडसम कैलास गोंडीत लिहितात, महाभारत त्यांनी गोंडीत आणले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरून ते गोंडी आणि कोलामीत गाणी व कार्यक्रम तयार करतात. 23 फेब्रुवारी 2025 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्यांच्या कोलामी गाण्याचा उल्लेख केला. कोलामांची वस्ती यवतमाळमध्येही आहे, म्हणजे ते गाणे पेनगंगेच्या अलीकडेही समजेल. मला त्यांचे कौतुक वाटतेच, पण त्याहून जास्त वाटते ते हे की असा माणूस जिल्ह्याच्या प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी असायला हवा. केंद्र सरकारच्या ‘आदि वाणी’ या अनुवादसाधनात गोंडी आहे, पण ती छत्तीसगढची. आदिलाबादची गोंडी तिच्याहून बरीच वेगळी. इथल्या बोलीचे ध्वनिमुद्रण आणि शब्दसाठा उभा करायचा तर तो इथल्याच शिक्षकांच्या हातून उभा राहील.

मिश्र अध्ययनाबद्दल संशोधनही सावधच बोलते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ वर्गातल्या शिकवण्यापेक्षा मिश्र पद्धत सरस दिसली. पण मिश्र वर्गांना बहुतेक वेळा जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळाले होते, हे अभ्यासकांनीच नोंदवले. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 साली मांडले की शिक्षकाला विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान ही तिन्ही ज्ञाने एकमेकांत मुरवता आली पाहिजेत. आदिलाबादसाठी मी त्यात मुलाच्या घरची भाषा घालीन, आणि ती पहिली ठेवीन.

हे करायला नवी इमारत लागत नाही. शाळा-संकुलाच्या बैठका होतातच, जिल्ह्याची प्रशिक्षणसंस्था आहे, उटनूरला आदिवासी विकास यंत्रणेचे कार्यालय आहे. बैठकीला येताना प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या वर्गासाठी, मुलांच्या बोलीत, फोनवर केलेला पाच मिनिटांचा एक पाठ आणावा. इतरांनी तो पाहून दुरुस्त्या सुचवाव्यात. दुरुस्त पाठ संकुलातल्या सर्व शाळांच्या फोनांत जावा. पुढच्या बैठकीत मुलांना तो कितपत कळला यावर बोलावे. धोरणातले 50 तास या कामाला धरावेत आणि प्रमाणपत्र त्याच पाठांवर मिळावे. संकुलातला एखादा जाणता शिक्षक महिन्यातून एकदा इतरांच्या वर्गात जाऊन शेजारी बसावा, आणि त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या वर्गावर बदली शिक्षक देण्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी.