अक्षरांआधीचे वाचन

दिवाळीच्या सुटीत केळशीला गेलो, तेव्हा धाकट्या पुतणीसाठी माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ नेले होते. वय वर्षे पाच, अक्षरओळख बेताचीच. मी पेशाने मास्तर. ओटीवर बैठक मारून म्हटले, “ये, वाचून दाखवतो.” पुस्तक उघडले आणि पंचाईत झाली. गोष्ट लिहिलेलीच नव्हती, नुसती चित्रे! मी चष्मा पुसत बसलो, तोवर पोरीने पुस्तक ओढून घेतले आणि कोण कोणावर रुसले आहे, कोणाला घरी उशीर होणार आहे, ते मलाच सांगू लागली. इतकी वर्षे मराठी शिकवूनही चित्र म्हणजे मजकुराचा दागिना, अशीच माझी समजूत होती.

पुरंदरे यांचा जन्म १९५२ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि मग पॅरिसला त्या चित्रकला शिकल्या. पुण्यात अनेक वर्षे फ्रेंच शिकवले, पिकासोचे चरित्र लिहिले. मुलांसाठी लिहू लागल्या तेव्हा चित्रेही स्वतःच काढली. ‘राधाचं घर’ पाहा. परी नाही, राक्षस नाही. घरातलीच माणसे, आणि तीही आपल्या आळीत भेटतील अशी. हॉलंडच्या डिक ब्रूना यांनी १९५५ मध्ये मिफी नावाचे सशाचे पिल्लू जन्माला घातले. जाड काळी रेघ, मोजके रंग, मागे जवळजवळ काही नाही. ते साधेपण मोठेच. पण आमच्या पोरांना भरल्या घराची सवय, हेही खरे.

‘वाचू आनंदे’ या त्यांनी संपादित केलेल्या चार भागांत साहित्याच्या शेजारी चित्रकला मानाने बसली आहे. आम्हा भाषाशिक्षकांना हे आधी सुचायला हवे होते. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू झाला, त्यात लेखनाचा मान त्यांना आणि चित्रांचा अतनु रॉय यांना. हातात कुंचला असलेल्या बाईंना लेखिका म्हणून गौरवले, याची मला गंमत वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीला म्हटले, “कालची गोष्ट पुन्हा सांग की.”

“ती कालची होती, काका,” असे म्हणून तिने तेच पान उघडले आणि दुसरीच सुरू केली.