कुंडीतलं शिवार – भाग 9 : पानावरचं पांढरं

मांसल पानांच्या झाडांना, म्हणजे सक्युलेंटना, पाणी किती द्यायचं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ते कुठलं द्यायचं, हा प्रश्न राहिला होता. जेडच्या किंवा कोरफडीच्या पानावर पांढरं दिसलं की माणूस थेट कृषी केंद्र गाठतो आणि फवारणीचं औषध मागतो. वडनेर भोलजीसारख्या गावात मी आधी पाण्यावर संशय घेईन.

मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं, महामार्गावरचं हे गाव. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला पूर्णेचा खारपाणपट्टा याच मुलखातला. बोअरच्या पाण्यात सोडियमचे क्षार असतात. पानावरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यात उन्हाळ्यात कूलरची भर पडते. टबात उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून ते कुंडीत ओततात. पण कूलर दिवसभर नुसतं पाणी उडवतो. ताट्यांवर पांढरे पापुद्रे धरतात ते यामुळेच, आणि टबातलं पाणी रोज जास्त खारट होत जातं. आरओच्या दुसऱ्या नळीतून सुटणारं पाणीही त्याच जातीचं. काटकसर चांगलीच, पण हे पाणी फरशी पुसायला ठेवा.

पानावरचं पांढरं ओल्या फडक्यानं पुसून पाहा. सहज गेलं तर सोडियमचे क्षार. राहिलं आणि पातळ व्हिनेगरच्या बोळ्यानं सुटलं तर चुनखडीचा थर. नंतर पान साध्या पाण्यानं धुवा. जेडच्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसतात, नखानं खरवडले की उडतात. पानाच्या छिद्रांतून झाडच जास्तीचं पाणी बाहेर टाकतं, त्यातले क्षार तिथं सुकतात. ठिपक्यांना औषध नको. कुंडीच्या काठावरही पांढरी कड धरली असेल तर मात्र मातीतला खार धुवावा लागेल: पावसाचं साठवलेलं पाणी कुंडीच्या तीन-चार पट, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. खारपाणपट्ट्यातले शेतकरी शेततळ्यात पावसाचं पाणी धरून ठेवतात. गच्चीवर एक ड्रम तेवढंच काम करतो.

एकेव्हेरियावरची निळसर-पांढरी पूड ही तर झाडाची स्वतःची. द्राक्षावर असते तसं ते मेण, उन्हापासून राखणारं. बोट लागलं की ठसा उमटतो आणि त्या पानावर तो भरून येत नाही. स्वच्छतेची हौस इथं आवरा.

आता खरा शत्रू. पान खोडाला जिथं मिळतं त्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके, पान चिकट, खाली मुंग्यांची रांग, म्हणजे पिठ्या ढेकूण. कपाशीवाल्यांना याची ओळख नव्यानं करून द्यायला नको. अमेरिकेतून आलेल्या एका जातीनं 2005 नंतरच्या हंगामांत देशभरच्या कपाशीला छळलं होतं. ती गाजरगवतावर आणि जास्वंदीवरही जगते, तेव्हा कुंडीशेजारची जास्वंद तपासाच. फड्या निवडुंगावरचा कापूस मात्र वेगळ्या किड्याचा. चिरडला की बोट लालभडक होतं. 1926 मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या त्याच्याच एका जातीनं रानोमाळ माजलेला निवडुंग आटोक्यात आणला.

उपाय चिकाटीचा आहे, महागाचा नाही. कुंडी वेगळी काढा. कानातला बड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका टिपा. मेण असलेल्या पानांवर तो जपून, फक्त किड्यालाच लावा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब घालून ऊन कलल्यावर फवारा. आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा. दर आठवड्याला एकदा, असं तीन-चार वेळा तरी हे करावं लागतं, कारण मादीच्या कापशी पिशवीत शेकडो अंडी असतात आणि त्या पिशवीला औषध सहसा भेदत नाही. मुंग्या गोड चिकट्यासाठी या किडींची राखण करतात, म्हणून त्यांचीही वाट तोडा. आणि मारण्याआधी नीट बघा: पांढऱ्या झालरीचा, पण चपळ चालणारा किडा दिसला तर ती क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी. पिठ्या ढेकणासारखंच रूप घेऊन ती त्यालाच खाते. तिला सोडून द्या.

पान न चिकटता नुसती पिठासारखी भुरी असेल, तीही थंडीत दाटीनं ठेवलेल्या पानफुटीवर किंवा कलांचोवर, तर तो बुरशीचा रोग. रोगट पानं तोडा, कुंड्यांत अंतर ठेवा. गरज पडली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण कडक उन्हात नाही, पान होरपळतं.

झाड कारणाशिवाय खुरटलं असेल तर ते कुंडीतून उपसून मुळं पाहा. पिठ्या ढेकणाचा कापूस तिथंही सापडतो. मग सगळी माती टाकून द्या, मुळं धुऊन तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या आणि नव्या रेताड मातीत लावा. लावल्यावर आठवडाभर पाणी नको.

(पुढील भागात : काळ्या मातीत सक्युलेंट का कुजतात)