निवडणारे यंत्र : पत्र्यातील दोष आणि त्याची पारख



आपल्या घरांत धान्य स्वच्छ करण्याच्या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत आणि मराठीने त्या तिन्हींना स्वतंत्र शब्द दिले आहेत. आपण पीठ चाळतो, गहू पाखडतो आणि तांदूळ निवडतो. चाळणीला आकाराचा भेद कळतो, सुपाला वजनाचा. निवडण्याला मात्र उपकरण नाही. तेथे डोळा लागतो, बोट लागते आणि ‘हा दाणा, हा खडा’ असा निर्णय देणारे मन लागते. पोलादाच्या पत्र्याच्या तपासणीतही हेच तीन प्रकार आढळतात. पत्र्याची जाडी आणि वजन मोजणारी साधने आधी आली. पण पत्र्यावरील चीर, ओरखडा किंवा पोपडा पाहून तो पत्रा बाजूला काढणे हे निवडण्याचे काम होते आणि ते दीर्घकाळ माणसाच्या डोळ्यावरच सोपवलेले होते. हे काम यंत्र कसे करू लागले आणि त्यातील कोणता भाग अजूनही आपल्याकडे उरतो, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने पोलादावर बोलावे याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. पण सुरत हे पारख्यांचे शहर आहे. येथे हिरा दहापट मोठा दाखवणाऱ्या भिंगाखाली पारखला जातो आणि कापडाचा ताणा-बाणा प्रकाशासमोर धरून तपासला जातो. मराठी व्याकरणाची पारख करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर हेही काही काळ या शहरात होते. १८४४ साली येथे स्थापन झालेल्या मानवधर्मसभेच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. शिवाय माझे आयुष्य उत्तरपत्रिका आणि मुद्रिते तपासण्यात गेले. दोष शोधणे, तो दोष आहे की नाही हे ठरवणे आणि त्याचे मूळ कोठे आहे ते पाहणे, या तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात, हे त्या कामाने मला शिकवले. पत्र्याची कथाही याच तीन पायऱ्यांनी जाते.

पत्रा आणि त्याचे दोष

तापीच्या मुखाजवळ हजिरा येथे असलेला पोलादाचा मोठा कारखाना आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. एस्सारने उभारलेला हा कारखाना डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टील या दोन कंपन्यांकडे गेला. महाराष्ट्रात वाशिंद, तारापूर आणि कळमेश्वर येथेही पत्र्याचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी पोलादाची जाड लादी सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि रुळांच्या जोड्यांमधून एकापाठोपाठ एक दाबत नेतात. पोळी लाटावी तशी ती पातळ आणि लांब होत जाते. काही मिलिमीटर जाडीचा हा लांबच लांब पट्टा शेवटी गुंडाळला जातो. पुढे गरजेनुसार तो थंड अवस्थेत आणखी पातळ करतात, त्यावर जस्ताचा लेप देतात किंवा त्याचे पत्रे कापतात.

या प्रवासात दोष शिरण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तप्त पोलादावर हवेमुळे ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने काढून टाकतात, पण त्याचा एखादा कण राहिला तर रूळ त्याला पत्र्यातच दाबून बसवतो. मूळ लादीत अडकलेला मळीचा कण लाटला जाता जाता लांब रेघ होऊन वर येतो. कडा फाटतात, घासून ओरखडे उठतात, कोठे सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. रुळावर खरचटले असेल तर त्याचा ठसा पत्र्यावर पुन्हा पुन्हा उमटत राहतो. या शेवटच्या दोषाकडे आपण नंतर परत येऊ.

डोळ्याची मर्यादा

दोष निवडण्याचे काम सर्वाधिक काटेकोरपणे टिनपत्र्याच्या धंद्यात होत असे. अन्नाच्या डब्याला केसाएवढे छिद्र असले तरी आतले अन्न नासते. भारतात हा पत्रा जमशेदपूरच्या गोलमुरी भागात तयार होऊ लागला. तेथील कंपनी १९२० साली स्थापन झाली आणि रॉकेलच्या डब्यांची गरज हे तिच्या स्थापनेमागील मोठे कारण होते. वेल्स आणि अमेरिका येथील जुन्या टिनपत्र्याच्या कारखान्यांत ही निवड बहुधा स्त्रिया करीत. पत्रा उचलायचा, एक बाजू पाहायची, उलटून दुसरी पाहायची आणि चांगल्या किंवा वाईट ढिगावर टाकायचा. सरावाने त्यांच्या हातांनाच पत्र्याची जाडी कळू लागे.

परंतु डोळा थकतो, आणि त्याहून आधी लक्ष थकते. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. घड्याळासारख्या तबकडीवर टप्प्याटप्प्याने सरकणारा काटा मधूनच दुप्पट उडी घेई आणि पाहणाऱ्याने ती उडी टिपायची, एवढेच काम होते. पहिल्या अर्ध्या तासातच चुकणाऱ्या नोंदी लक्षणीय वाढल्या. यात आळसाचा किंवा बेफिकिरीचा संबंध नव्हता. क्वचित घडणाऱ्या गोष्टीची सतत वाट पाहणे मनाला पेलत नाही. मुद्रिते तपासणाऱ्याला याचा अनुभव असतो. शब्द ओळखीचा झाला की त्यातील अक्षरे दिसेनाशी होतात.

त्यात वेगाची भर पडली. तप्त पत्र्याचा पट्टा सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावू शकतो. त्यावरील अर्ध्या मिलिमीटरचा दोष पाहणे कोणत्याही डोळ्याला शक्य नाही.

यंत्राचा डोळा, मेंदू आणि हात

यंत्राचा सर्वांत साधा डोळा छिद्रासाठी बनला. पत्र्याच्या एका बाजूस प्रखर दिवा आणि दुसऱ्या बाजूस अंधाऱ्या पेटीत प्रकाशाला संवेदनशील नळी बसवतात. पत्रा अखंड असेल तर पेटीत अंधार राहतो. छिद्र आले की प्रकाशाचा किरण आत शिरतो आणि विद्युत्‌संकेत निघतो. पत्र्याची जाडी क्ष-किरणांनी मोजता येते, कारण जाड पोलाद अधिक किरण शोषते. डोळ्याला न दिसणाऱ्या चिरेसाठी बदलत्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग होतो. अशा क्षेत्रामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्‌प्रवाह फिरू लागतात आणि वाटेत चीर आली की त्यांची वाट मोडते. तो बदल बाहेरच्या वेटोळ्याला जाणवतो.

ओरखडे आणि पोपडे पाहण्यासाठी मात्र खराखुरा डोळा हवा होता. त्याची वाट १९६९ मध्ये मोकळी झाली. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विद्युत्‌भारात रूपांतर करून तो क्रमाने वाचणारी चकती शोधली. तिच्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या तत्त्वावरील कॅमेरा धावत्या पत्र्याची एकेक बारीक आडवी रेघ टिपतो आणि रेघांना रेघा जोडून चित्र तयार होते. कामाचा व्याप हिशेबाने पाहू. पत्रा दीड मीटर रुंद आहे, सेकंदाला दहा मीटर धावतो आहे आणि आपल्याला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पाहायचे आहे, असे धरा. मग सेकंदाला २०,००० रेघा आणि प्रत्येक रेघेत ३,००० बिंदू, म्हणजे सहा कोटी बिंदू होतात. दोन्ही बाजू मिळून बारा कोटी.

येथे कॅमेऱ्याइतकेच महत्त्व उजेडाला आहे. स्टीलच्या ताटावरचे ओरखडे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरप्या उन्हात ते चमकतात. त्याचप्रमाणे एक दिवा असा ठेवतात की गुळगुळीत पत्रा उजळ दिसावा आणि डाग काळा. दुसरा असा तिरपा ठेवतात की पत्रा काळा दिसावा आणि ओरखडा उजळ.

चित्र मिळाल्यावर त्याचा अर्थ लावायचा. प्रथम हे काम नियमांनी होई : डाग किती लांब, किती रुंद, किती गडद, यांवरून त्याचा प्रकार ठरवायचा. पुढे, विशेषतः २०१२ नंतर, उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांचा उपयोग वाढला. चीनमधील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी तप्त लाटलेल्या पत्र्याच्या दोषांचा एक संग्रह अभ्यासकांसाठी खुला केला. त्यात सहा प्रकारच्या दोषांची प्रत्येकी ३०० अशी १,८०० चित्रे आहेत. यंत्र अशा चित्रांवरून शिकते. परंतु ‘हा ओरखडा’, ‘हा दाबलेला पापुद्रा’ ही नावे त्या चित्रांना माणसांनीच दिलेली असतात. वर्षानुवर्षे पत्रा पाहिलेल्या निरीक्षकाचे ज्ञान अशा रीतीने यंत्रात उतरते. ते उतरवून घेण्यापूर्वीच तो निवृत्त झाला, तर यंत्राला गुरूच उरत नाही.

उरला हात. दोष दिसला त्या क्षणी पत्रा कॅमेऱ्याखाली असतो आणि बाजूला काढण्याचे दार काही मीटर पुढे असते. मधला वेळ मोजून भागत नाही, कारण पट्ट्याचा वेग बदलतो. म्हणून पट्ट्याला टेकलेले एक चाक फिरता फिरता लांबी मोजते आणि ‘दोषी पत्रा इतके मीटर पुढे गेला’ हे यंत्र लक्षात ठेवते. तो दाराशी पोचताच दार खाली झुकते, पत्रा वेगळ्या ढिगावर जातो आणि दार पुन्हा मिटते. गुंडाळीच्या मधला भाग असा काढता येत नाही. तेथे दोषांचा नकाशा गुंडाळीसोबत पाठवतात आणि पुढे ती उलगडताना तेवढा भाग कापतात.

दोन प्रकारच्या चुका

यंत्र आले म्हणजे प्रश्न संपला, असे मात्र नाही. निवडणारा, मग तो माणूस असो वा यंत्र, दोन प्रकारे चुकू शकतो. वाईट पत्रा चांगला म्हणून सोडणे ही एक चूक. चांगला पत्रा वाईट म्हणून काढणे ही दुसरी. केवळ समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडतो. दहा हजार पत्र्यांत शंभर सदोष आहेत. यंत्र सदोष पत्र्यांपैकी शेकडा ९५ पकडते आणि निर्दोष पत्र्यांपैकी शेकडा पाचच चुकीने काढते. ऐकायला हे यंत्र उत्तम वाटते. पण बाजूला पडलेल्या ढिगात ९५ खरे सदोष आणि ४९५ निर्दोष पत्रे असतील, आणि तरीही पाच सदोष पत्रे ग्राहकाकडे जातीलच. यंत्र तेच ठेवून केवळ त्याची तीक्ष्णता वाढवली तर पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. रेषा कोठे ओढायची हे यंत्र सांगत नाही. ते त्या पत्र्याचे पुढे काय होणार आहे यावर ठरते. मोटारीच्या बाहेरील दारावरचा बारीक ओरखडा रंगाखालूनही दिसतो, म्हणून तो दोष. तोच ओरखडा गोदामाच्या भिंतीच्या पत्र्यावर असला तर कोणाचे काही बिघडत नाही. अन्नाच्या डब्याचे छिद्र मात्र कधीच क्षम्य नाही. तेथे चार चांगले पत्रे वाया गेलेले परवडतात.

बाजूला पडलेला पत्रा नेहमी वितळवला जातो असेही नाही. बराचसा ‘सेकंड’ म्हणून बाजारात येतो आणि लहान कारखान्यांत, शेडांवर, उधना-लिंबायतसारख्या वस्त्यांतील छपरांवर पोचतो. दोष सांगून, योग्य किमतीत विकलेला असा पत्रा गरजू माणसाच्या उपयोगाचा असतो. तोच निर्दोष म्हणून विकला तर पहिल्या पावसात त्याचे मोल घेणाऱ्याला भरावे लागते. निवडीच्या काटेकोरपणाइतकेच निवडीनंतरच्या प्रामाणिकपणालाही महत्त्व आहे, आणि तो कोणत्याही कॅमेऱ्याच्या कक्षेत येत नाही.

दोषाचे मूळ

आता रुळाच्या ठशाकडे वळू. साठ सेंटिमीटर व्यासाच्या रुळाचा परीघ सुमारे १८८ सेंटिमीटर असतो. पत्र्यावर एकच खूण दर १८८ सेंटिमीटरला दिसली तर दोष शेवटच्या त्या रुळात आहे हे कळते. तीच खूण दर ३७६ सेंटिमीटरला दिसली तर? पत्रा निम्म्याने पातळ होताना लांबीने दुप्पट होतो. म्हणजे तेवढ्याच व्यासाच्या आधीच्या एखाद्या रुळाने पत्रा आजच्या दुप्पट जाड असताना ती खूण केली आणि पुढे अंतर ताणले गेले. दोन खुणांमधील अंतर मोजून कारागीर नेमक्या रुळाशी पोचतो, तो काढून घासतो, आणि पुढचे शेकडो पत्रे मुळातच स्वच्छ निघतात. यंत्राने केवळ पत्रे बाजूला काढले असते तर ढीग वाढत राहिला असता. त्याने दोषाची जागा, वेळ आणि पुनरावृत्ती नोंदली, म्हणून कारण सापडले. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचे खरे मोल येथे आहे. सदोष पत्रा ओळखणे ही पहिली पायरी. तो पुन्हा तयार होणार नाही अशी तजवीज करणे हे तिचे प्रयोजन.

शिक्षकांपुढे बोलताना याचे अधिक स्पष्टीकरण करण्याची गरज नाही. एका वहीत एक शब्द चुकला तर ती त्या मुलाची चूक. चाळीस वह्यांत तोच शब्द तसाच चुकलेला आढळला, तर लाल शाईने चाळीस खुणा करून काम संपत नाही. फळ्यावर काय लिहिले गेले होते ते पाहावे लागते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने हा शोध कोणत्याही यंत्राशिवाय घेतला. आज या शाळेचे विद्यार्थी हजिऱ्यात, पांडेसऱ्यात आणि त्याहून दूरच्या कारखान्यांत अशा यंत्रांसमोर उभे आहेत. यंत्र त्यांना रोज सांगेल की हा पत्रा वाईट आहे. तो वाईट का झाला, हे विचारण्याची सवय त्यांनी येथून नेली असेल, तर या शाळेचे काम झाले असे मी म्हणेन.