सहा अश्वशक्तींचा त्याग

पुण्यासारख्या शहरात मोठ्या मोटारसायकलींच्या शोरूममध्ये नवी गाडी यावयाची असली, की तिची वर्दी तिच्या आधी चार-आठ दिवस शौकिनांत पोहोचलेली असते. आणि ज्या संध्याकाळी ती ट्रकातून उतरवून, वेष्टने सोडवून, बॅटरी जोडून आणि टायरांतील हवा मोजून दर्शनी भागात उभी केली जाते, त्या संध्याकाळी तेथे जमलेल्या मंडळींत घेणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ असतात. पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हिची ताकद किती? कावासाकी या जपानी कंपनीची ‘निन्जा ११०० एसएक्स’ ही गाडी २०२४ च्या अखेरीस भारतात जाहीर झाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर चमत्कारिक वाटावे असे होते. तिच्या आधीच्या ‘निन्जा १००० एसएक्स’ची कमाल शक्ती १४२ अश्वशक्ती होती, नवीची १३६ आहे. इंजिन मोठे झाले, किंमत वाढली, आणि शक्ती मात्र सहाने उतरली. माझे मत असे, की या गाडीत जे काही विचारपूर्वक केलेले आहे, त्याचे मर्म या सहा अश्वशक्ती सोडून देण्यातच आहे. आणि ‘स्पोर्ट टूरर’ नावाचा हा वर्ग कशासाठी जन्माला आला, हेही त्यावरूनच उत्तम रीतीने समजते.

इंजिनातील फेरफार थोडक्यात सांगता येतो. चार सिलिंडरांचा व्यास पूर्वीइतकाच, म्हणजे ७७ मिलिमीटर ठेवून पिस्टनच्या धावेची लांबी ५६ वरून ५९ मिलिमीटर करण्यात आली, आणि या तीन मिलिमीटरांमुळे इंजिनाचे आकारमान १०४३ वरून १०९९ सीसीवर गेले. पूर्वी कमाल शक्ती मिळण्यासाठी इंजिनाला मिनिटास १०,००० फेरे घ्यावे लागत, ती आता ९,००० फेऱ्यांवर मिळते. आणि ज्याला टॉर्क म्हणतात तो जोर १११ न्यूटन-मीटरवरून ११३ झाला, तोही ८,००० ऐवजी ७,६०० फेऱ्यांवर. आकडे किरकोळ दिसतात, परंतु त्यांचा अर्थ किरकोळ नाही. विहिरीवरची भरलेली मोट ओढताना बैलाच्या धावण्याचा वेग कामी येत नाही, पहिल्या पावलाला त्याच्या खांद्यातून येणारा जोर कामी येतो. टॉर्क तो हा जोर, आणि अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती झपाट्याने काम उरकतो याचे माप. शर्यतीच्या मैदानावर इंजिन सदैव वरच्या फेऱ्यांतच ओरडत ठेवावयाचे असते, सबब तेथे कमाल अश्वशक्तीला महत्त्व. रस्त्यावर मात्र प्रवासाचा बहुतेक काळ इंजिन कमाल फेऱ्यांच्या निम्म्याहूनही खाली फिरत असते, आणि तेथे त्याच्या अंगी किती जोर आहे यावर प्रवासाचे सुखदुःख अवलंबून असते.

हंगामाच्या दिवसांत कराडच्या पुढे महामार्गावर ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना याचा खुलासा करून सांगावा लागणार नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, मागच्या आसनावर माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि ओलांडून जाण्यापुरती मोकळीक क्षणभरच मिळते. अशा वेळी दोन गिअर खाली उतरवून, इंजिन चढू देऊन, मग वेग घेणारी गाडी चालकाला थकवते. चालू गिअरमध्येच मूठ किंचित पिळताच पुढे सरकणारी गाडी त्याला शांत ठेवते. नव्या गाडीत पाचवा व सहावा गिअर पूर्वीपेक्षा लांब केले आहेत, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी. आणि क्लच न दाबता गिअर बदलू देणारी यंत्रणा आता १,५०० फेऱ्यांपासूनच काम करते. हे सर्व फेरफार एकाच दिशेने बोट दाखवतात: सहाशे किलोमीटर गेल्यावर उतरणारा माणूस ताजा राहावा.

ही दृष्टी आजची नाही. म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली ‘आर १०० आरएस’ ही गाडी काढली. तिचे इंजिन ९८० सीसीचे आणि शक्ती अवघी ७० अश्वशक्ती. परंतु हान्स मूथ या रचनाकाराने तिच्यासाठी केलेले संपूर्ण आवरण इटलीतील पिनिनफारिना संस्थेच्या वाऱ्याच्या बोगद्यात पारखून सिद्ध केलेले होते. त्यापूर्वी दूरच्या प्रवासाला निघणारा स्वार छातीवर वारा झेलत जाई. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरला जो दाब अंगावर येतो, त्याच्या चौपट दाब १२० ला येतो. हा दाब तासन्‌तास मानेने आणि मनगटांनी पेलावा लागला, तर इंजिनाची ताकद कितीही असली तरी माणसाची ताकद आधी संपते. त्या जर्मन गाडीने हा भार माणसाच्या अंगावरून काढून आवरणावर टाकला. पुढे जपानी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. कावासाकीने १९८४ मध्ये ‘जीपीझेड ९०० आर’ आणली, निन्जा हे नाव धारण करणारी ही पहिली गाडी. पाण्याने थंड होणारे, सोळा व्हॉल्व्हांचे तिचे चार सिलिंडरी इंजिन त्या काळी अत्यंत पुढारलेले मानले गेले. आजच्या एसएक्सचे थेट कूळ २०११ च्या मॉडेलपासून सुरू होते. भारतात निन्जा हे नाव प्रथम २००९ मध्ये, बजाजशी असलेल्या सहकार्यातून, २५० सीसीच्या लहान गाडीवर आले. आणि आज कावासाकीचा भारतातील कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे.

शोरूममध्ये उभ्या असलेल्या या गाडीत दोन वस्तू मुद्दाम जवळ जाऊन पाहण्यासारख्या आहेत, आणि दोन्हींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली म्हणजे पुढची काच. तिला चार स्थिती आहेत, आणि त्या बदलण्यास पाना लागत नाही. मीटरच्या खाली बोट घालून कळ दाबावी आणि काच हवी तशी उभी किंवा आडवी करावी. उंच माणसाच्या शिरस्त्राणावर वारा कोठे आदळतो आणि बुटक्या माणसाच्या कोठे, हे एका आकृतीत बसणारे नसते, म्हणून ही मुभा. दुसरी वस्तू म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण बदलण्यासाठी बाहेर काढून ठेवलेली गोल मूठ. एकट्याने जाणारा स्वार, आणि पत्नीला मागे बसवून प्रत्येकी २८ लिटरांच्या दोन पेट्या भरून निघालेला स्वार, यांच्या गाडीच्या मागच्या बाजूवरचा भार फार वेगळा असतो. ताण तोच राहिला तर गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते, दिव्याचा झोत वर जातो आणि वळणावर भरवसा राहत नाही. ही मूठ हाताने फिरवून भार आणि ताण यांचा हिशेब जुळवता येतो. या पेट्या मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात.

हँडल शर्यतीच्या गाडीपेक्षा उंच आहे, पाठ किंचितच पुढे झुकते, आणि टाकीत १९ लिटर पेट्रोल मावते. १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे कायद्यानेच बंधनकारक आहे. येथे त्याच्या जोडीला गाडीचा झुकाव मोजणारे यंत्र आहे, जे वळणात कललेल्या गाडीचा ब्रेक सरळ गाडीच्या ब्रेकपेक्षा वेगळ्या हिशेबाने सोडते. पावसाळ्यात आंबा घाटाच्या शेवाळलेल्या वळणांवर याची किंमत कळते.

आता रस्त्यांविषयी. दुचाकीसाठी महामार्गावरील कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर, अटल सेतूवर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मोटारसायकलला मनाई आहे, मग ती शंभर सीसीची असो की अकराशेची. म्हणजे महाराष्ट्रात या गाडीचा मुलूख जुना खंडाळ्याचा रस्ता, सातारा-कोल्हापूरचा महामार्ग, कोकणातील ६६ क्रमांकाचा मार्ग आणि सह्याद्रीचे घाट हाच. या रस्त्यांवर १४२ वी अश्वशक्ती वापरण्याचा प्रसंग स्वाराच्या आयुष्यात येणार नाही, आणि येऊही नये. चौथ्या गिअरमध्ये घाट चढताना लागणारा जोर मात्र रोज वापरला जाईल. म्हणूनच कंपनीने केलेली ही अदलाबदल जपानात बसून केलेली असली, तरी आपल्या रस्त्यांना ती अधिक लागू पडते.

किंमत ही खरी अडचण आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत १३ लाख ४९ हजार होती. नोंदणी, मोटार वाहन कर आणि विमा त्यावर वेगळा. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींवरील जीएसटी, पूर्वीच्या उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला, आणि लहान गाड्यांचा १८ टक्क्यांवर आला. शंभर सीसीच्या गाडीवर कामाला जाणाऱ्याला सवलत मिळाली हे योग्यच झाले. परंतु मोठी मोटारसायकल म्हणजे निव्वळ चैन, हा समज मात्र मला मान्य नाही. दोन माणसे आणि त्यांचे सामान सुखरूप दूर नेणारे वाहन हे प्रवासाचे साधन आहे, आणि ते तसेच जोखले जावे.

ज्यांची घेण्याची तयारी आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की शोरूममध्ये जाताना मागे बसणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे आणि टेस्ट राईड दोघांनी मिळून घ्यावी. कारण कागदावरचा तपशील मागच्या आसनाविषयी फारसे बोलत नाही, आणि लांबच्या प्रवासाचा निकाल बहुधा तेथेच लागतो. ठरवलेल्या रकमेतून दोघांची आयएसआय शिक्क्याची हेल्मेटे, हातमोजे आणि जाकिटे यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. हेल्मेट कायद्याने दोघांनाही सक्तीचे आहे. गाडी घरी आल्यावर नवे टायर पहिले दीडशेएक किलोमीटर निसरडे असतात, तोवर वळणे आणि ब्रेक जपून घ्यावेत, पहिली सर्व्हिस होईपर्यंत इंजिन वरच्या फेऱ्यांत नेऊ नये, आणि घाटाचा पहिला बेत त्यानंतरच आखावा.