दवाखान्यापुढची मोटारसायकल : चोरी, पोलीस आणि मालकाचे नुकसान

वाहनचोरीसारखा विषय डॉक्टरांच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रत्येकाला आपापल्या दवाखान्याच्या दारातच सापडेल. पांढुर्णा-सौंसर भागातील रुग्ण आपल्यापर्यंत येतो तो बहुधा मोटारसायकलवर. टाकीवर थोरले मूल, मागे आई आणि तिच्या पदराखाली तापाने फणफणलेले धाकटे, असे आठ-दहा मैलांवरून आलेले कुटुंब आपण रोज पाहतो. दवाखान्यात गर्दी असते, नंबर लागायला दोन तास जातात, आणि तेवढा वेळ ती गाडी रस्त्याच्या कडेला बेवारशासारखी उभी असते. चोराला याहून सोयीची जागा कोणती? गाडीचा मालक आत आहे, मूल आजारी आहे आणि तो लवकर बाहेर येणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

देशात दरवर्षी लाखांच्या संख्येने वाहने चोरीस जातात. मोठ्या शहरांतील मोटारींच्या चोरीची बातमी होते. खेड्यातील माणसाच्या दुचाकीची होत नाही. पण मोटार गेली तर डॉक्टरांची गैरसोय होते, दुचाकी गेली तर मजुराचे घर अडून पडते. रोजगार, बाजार, शाळा आणि दवाखाना ही चारही त्या एका वाहनावर चालतात. लसीकरणाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे वेळापत्रक पाळणारी आई गाडी गेल्यावर एखादी तारीख सहज चुकवते. आपल्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस प्रारंभ झाला, तो याच व्याधीच्या प्रसारामुळे. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे त्यांना आलेला ताप सकाळपर्यंत थांबू शकत नाही. १०८ ची रुग्णवाहिका आहे हे खरे, पण ती दारात येईपर्यंतचा वेळ भरून काढणारे साधन म्हणजे घरची मोटारसायकल. म्हणून तिची चोरी हा मला आरोग्याचाच प्रश्न वाटतो.

सीमेवरचे गाव

आपल्या भूभागाची रचनाही चोराला अनुकूल आहे. बैतूलहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढुर्ण्यावरून जातो, छिंदवाड्याहून सावनेरकडे जाणारा सौंसरवरून. पांढुर्ण्याहून वरूडचा रस्ताही फार लांबचा नाही. कोणत्याही रस्त्याने गेले तरी तासाभराच्या आत राज्य बदलते. तिकडे पाटी बदलली, किंवा गाडी सुटी करून तिचे भाग विकले, की शोध कठीण होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवरची गोटमार, जामसावळीला हनुमंताच्या दर्शनाची गर्दी, आठवडी बाजार, संत्र्याचा हंगाम, या काळात शेकडो गाड्या एका जागी उभ्या असतात आणि पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात. त्यांचे मनुष्यबळ किती अपुरे आहे हे मी जवळून पाहतो. सरसकट दोष देण्याचा माझा हेतू नाही. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, आणि पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयासाठी छिंदवाडा गाठण्याची गरज संपली, ही मोठीच सोय झाली.

एका शब्दाची किंमत

माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका सिकलसेलग्रस्त मुलाच्या वडिलांची गोष्ट सांगतो. मुलाला घेऊन ते नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले असता बाहेर लावलेली गाडी नाहीशी झाली. मुलाला रक्त चढत असल्याने ते दुसऱ्या दिवशी गावी परतले आणि मग एका ठाण्यात गेले. तिथे, ‘गाडी महाराष्ट्रात गेली, तिकडेच जा,’ असे उत्तर मिळाले. पुष्कळ विनवणी केल्यावर एक आवेदन घेण्यात आले. हे गृहस्थ घरी मराठी बोलणारे, हिंदी जेमतेम लिहिणारे. आवेदन दुसऱ्याच कोणी लिहून दिले आणि त्यात गाडी ‘गुम’ झाल्याचे लिहिले, ‘चोरी’ हा शब्दच आला नाही. प्रतही मिळाली नाही. पुढे विमा कंपनीने प्रथम सूचना अहवाल मागितला तेव्हा यांच्या हाती काहीच नव्हते. आवेदनात नोंद होती ती हरवल्याची, चोरीची नव्हे. गाडीचे हप्ते मात्र चालूच राहिले.

या प्रसंगातला प्रत्येक अडथळा कायद्याने दूर केलेला आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच गुन्हा नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात त्याची माहिती देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली माहितीही चालते, मात्र तिच्यावर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. मध्य प्रदेश पोलिसांनी तर २०२१ मध्येच वाहनचोरीसाठी ई-एफआयआरची सोय केली. ठाण्यात नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळविता येते, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविणे, हेही आता पोलिसांचे कर्तव्य आहे. चोरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. जुने कलम ३७९ अनेकांच्या तोंडी अजून आहे.

विम्याचा हिशेब

आता पैशांकडे वळू. ‘माझ्या गाडीचा पाच वर्षांचा विमा आहे,’ असे रुग्णांचे नातेवाईक विश्वासाने सांगतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा झाला. परंतु तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्यासाठी असतो. चोरीची भरपाई देणारा स्वतःच्या वाहनाचा विमा बहुधा पहिल्या वर्षापुरता असतो आणि दरवर्षी वेगळा भरावा लागतो. तो न भरणाऱ्याला चोरीनंतर एक रुपयाही मिळत नाही.

विमा असला तरी पूर्ण किंमत मिळत नाही. भरपाई ठरते ती ‘आयडीव्ही’ या मूल्यावर, आणि ते वयाप्रमाणे उतरते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के घसारा धरला जातो. समजा, ९०,००० रुपये किमतीची दुचाकी अडीच वर्षांनी चोरीस गेली. तिचे मूल्य ६३,००० रुपये. त्यातून कर्जाची बाकी ३०,००० रुपये आधी वित्त कंपनीकडे जाते. मालकाच्या हातात उरतात ३३,००० रुपये, तेही कागद पूर्ण झाल्यावर, आणि नवी गाडी पूर्वीपेक्षा महागच मिळते. दरम्यान ठाणे, परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्या फेऱ्यांत बुडालेली मजुरी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

कागदांची यादी लांब आहे : प्रथम सूचना अहवाल, नोंदणी पुस्तक, दोन्ही मूळ चाव्या, परिवहन कार्यालयास दिलेली सूचना, मालकी हस्तांतरणाचे अर्ज आणि शेवटी तपास न लागल्याचा अंतिम अहवाल. या अहवालाला आपल्याकडे ‘खात्मा’ म्हणतात, तर महाराष्ट्रात ‘अ समरी’. सीमेवरच्या माणसाला दोन्ही शब्द ठाऊक हवेत. गुन्हा नागपूरकडे वर्ग झाला असेल तर इथल्या ठाण्यात खात्म्याची वाट पाहण्यात महिने जातात.

विमा कंपनीने नकार दिला म्हणून सर्व संपले असेही नाही. गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीस गेला. त्यांनी त्याच दिवशी गुन्हा नोंदवला, पण विमा कंपनीला कळवायला त्यांना ५२ दिवस लागले. पोलिसांत लगेच तक्रार केलेली असल्यास केवळ या विलंबापायी दावा फेटाळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. चालकाने किल्ली गाडीतच ठेवली होती अशा एका ट्रकच्या प्रकरणात २०२३ साली त्याच न्यायालयाने ७५ टक्के रक्कम देण्यास सांगितले. तातडीच्या कॉलवर मोटारीची किल्ली आत ठेवूनच धावणाऱ्या समव्यवसायी मित्रांनी त्यातले गेलेले २५ टक्के ध्यानात ठेवावेत. दाद मागण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि भोपाळला विमा लोकपाल आहे. लोकपालाकडे शुल्क लागत नाही.

गाडी सापडली तर आणखी एक वनवास उरतो. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली वाहने आपण सर्वांनी पाहिली आहेत. सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत. छायाचित्रे व पंचनामा करून, बंधपत्र घेऊन ती मालकाला सुपुर्दनाम्यावर द्यावीत. यासाठी न्यायालयात साधा अर्ज पुरतो.

आपण काय करावे

या सर्वांचे सार एवढेच की गाडी चोर नेतो, पण मालकाचे नुकसान किती होणार हे पहिल्या रात्रीच्या कागदावर ठरते. आणि नेमक्या त्या रात्री आपला रुग्ण एकटा, घाबरलेला आणि परभाषेत अडखळणारा असतो. इथे आपल्याला काही करता येण्यासारखे आहे.

प्रत्येक दवाखान्याने दर्शनी भागात गाड्यांसाठी जागा आखावी, तिच्यावर कॅमेरा लावावा आणि त्याचे चित्रण किमान महिनाभर जपावे. बाजाराच्या दिवशी चार दवाखान्यांनी मिळून एक राखणदार ठेवला तर खर्च फारसा येत नाही. संघटनेने हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत आवेदनाचा छापील नमुना करून प्रत्येक दवाखान्यात ठेवावा. त्यात ‘चोरी’ हा शब्द, वेळ, जागा, चेसिस व इंजिन क्रमांक आणि ‘एफआयआरची प्रत मिळावी’ ही ओळ ठळक असावी. रुग्णांच्या नातेवाइकांना नोंदणी पुस्तक व विम्याचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवायला, दुसरी चावी घरी जपायला आणि हँडल-लॉकखेरीज चाकाला साखळी लावायला आपल्या स्वागतकक्षातूनच सांगता येईल. त्याच वेळी विमा नुसता त्रयस्थ-पक्षाचा आहे की पूर्ण, हेही विचारावे. आणि कोणाची गाडी गेलीच, तर ११२ वर दूरध्वनी करून, सोबत एक लिहिता-वाचता माणूस देऊन त्याच रात्री त्याला ठाण्यात पाठवावे.

लसीचे कार्ड जपून ठेवा, हे आपण मातांना वर्षानुवर्षे सांगत आलो आणि त्यांनी ते ऐकले. त्याच कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाडीच्या कागदांच्या प्रती ठेवा, एवढे एक वाक्य त्यात वाढवायला काय हरकत आहे?