डिझेलची नाडी : कोड सर्किटचा, बळी सेन्सरचा

या सदरात आज ईजीआरचा विषय येणार होता. तो आठवडाभर थांबेल. नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रकमालकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववेना. त्यांच्या ट्रेलरला बूस्ट प्रेशरचा कोड येतो : एसपीएन १०२, एफएमआय ३. लोड असला की गाडी ओढत नाही. सेन्सर दोनदा बदलला, कोड तसाच. आता तिसरा कोणत्या कंपनीचा घ्यावा, असं ते विचारतात.

कोणत्याच कंपनीचा नको! १०२ हा नुसता पत्ता आहे, इनटेक मॅनिफोल्डच्या दाबाचा. दुखणं सांगतो तो पुढचा आकडा. ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज हद्दीच्या वर, ४ म्हणजे खाली. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरला, दाब दिसतच नाही, वायरीवरचं व्होल्टेज तेवढं दिसतं. धडका सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या आत राहतो. त्याबाहेरचा आकडा ईसीएम मानत नाही. ठरावीक किंमत गृहीत धरतो, डिझेल आवरतं घेतो आणि गाडी मरगळते.

वायरी मुख्य तीन : पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. तापमानही तोच सेन्सर मोजत असेल तर चौथी. यातली अर्थ तुटली की सिग्नल वर चढतो आणि ३ येतो. मग सेन्सर कितीही नवा बसवा.

म्हणून आधी कपलर काढा. चावी ऑन, इंजिन बंद. हार्नेसच्या बाजूला सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा, ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. नसतील तर लाल टोक तिथेच ठेवून काळं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पाच आले, तर अर्थची वायर गेली. तरीही नाही आले, तर त्याच सप्लायवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. एखादा शॉर्ट झालेला सेन्सर सगळ्यांचा सप्लाय खाली ओढतो; तो काढताच पाच व्होल्ट परत येतात. टेस्ट लॅम्प मात्र इथे लावू नका, आणि वायरीत सुई तर मुळीच टोचू नका. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं.

आता माझा आवडता मुद्दा. व्होल्टेज हद्दीत आहे, कोड नाही, तरी सेन्सरवर संशय आहे. अशा वेळी इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून स्कॅनरवर बूस्टचा निरपेक्ष दाब वाचा. मुंबईत समुद्रकाठी १०१ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, म्हणून इथे ९७च्या जवळपास. मे महिन्यात आणखी थोडा कमी. ९७ पाहून सेन्सर बाद ठरवणं म्हणजे नागपूरच्या उंचीची शिक्षा सेन्सरला देणं. गाडीत हवेच्या दाबाचा वेगळा सेन्सर असेल तर दोन्ही वाचनं ताडून पाहा. ती जुळलीच पाहिजेत. काही स्कॅनर हवेचा दाब वजा करून दाखवतात, तिथे शून्य दिसेल. ते बरोबरच आहे.

वाडीच्या मालकांनी कपलरवरचं व्होल्टेज दोन्ही तऱ्हांनी मोजून कळवावं. मोजताना हार्नेस जरा हलवून पाहा, विशेषतः ब्रॅकेटला घासतो तिथे. आकडा नाचला, तर त्याच जागी वायर उघडा.