सल्ला विकणारी पेढी आणि तिचे नाराज नोकर

पेढी, मुनीम आणि गुमास्ता यांचे नाते व्यापारी बंधूंना नव्याने सांगावयास नको. माल, भांडवल आणि पत ही तिन्ही शाबूत असूनही माणसे मनाने दुरावली, तर धंद्याची वीण उसवू लागते. परंतु जेथे माल नाही, गुदाम नाही, केवळ माणसाची बुद्धी हेच विक्रीचे द्रव्य आहे, तेथे ही नाराजी कोणते रूप धारण करते, हे पाहणे बोधप्रद होईल. त्यासाठी मॅकिन्झी या अमेरिकन सल्लागार संस्थेचे उदाहरण घेऊ.

शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकविणारे जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ साली ही संस्था काढली. पुढे मार्विन बाऊर या वकिलाने तिला वळण लावले. कारखाना तोट्यात का, खर्चाला आळा कोठे घालावा, नवी बाजारपेठ कोणती धरावी, अशा प्रश्नांवर मोठमोठ्या कंपन्यांना व सरकारांना मोबदला घेऊन सल्ला देणे हा तिचा व्यवसाय होय. मालकी भागीदारांची असते.

तिच्या कारभारातील एक नियम आपल्या पेढ्यांना अपरिचित वाटेल. ठराविक मुदतीत वरच्या जागी चढावे, नाहीतर संस्था सोडावी. एकाच जागेवर वर्षानुवर्षे बसता येत नाही. या नियमाचे लाभ खरे आहेत. तरुणांचा कस लागतो, आणि बाहेर पडलेले लोक अन्यत्र अधिकारी झाले म्हणजे जुन्या संस्थेलाच काम देतात. तथापि ज्याला थोड्या अवधीत आपली योग्यता सिद्ध करावयाची आहे, त्याला रात्रीच्या कामास नकार देता येत नाही. बहुत दिवस परगावी, गिऱ्हाइकाच्या कचेरीत जातात. बढती वरिष्ठांच्या मतावर अवलंबून असल्याने तक्रार ओठांपर्यंत येऊन परत फिरते. वास्तविक, एखादी गोष्ट पटली नाही तर आक्षेप घेणे हे कर्तव्यच होय, असे या संस्थेच्या तत्त्वांत नमूद आहे!

ही झाली श्रमाची नाराजी. दुसरी नाराजी विवेकाची असते, आणि ती अधिक खोल जाते. २०१८ साली संस्था अमेरिकेच्या स्थलांतर-नियंत्रण खात्याचे काम करीत होती, हे उघड होताच नोकरांनी प्रश्न विचारले. ते काम संपले असल्याचे संचालकांनी कळविले. पर्ड्यू फार्मा या कंपनीस ऑक्सिकॉन्टिन नामक अफूवर्गीय वेदनाशामकाची विक्री वाढविण्याचे सल्ले दिल्याबद्दल फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेला अमेरिकेतील बहुतेक राज्यांशी सुमारे ५७ कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली. त्याच महिन्यात ज्येष्ठ भागीदारांनी प्रमुख केविन स्नेडर यांना दुसरी मुदत नाकारली. त्याच वर्षी अकराशेहून अधिक नोकरांनी सह्यांचे पत्र लिहून, आपली गिऱ्हाइके हवेत किती कर्बवायू सोडतात ते जाहीर करावे, अशी मागणी केली. अशा उद्योगांना सोडून जाण्यापेक्षा त्यांच्याबरोबर राहून सुधारणा घडविणे बरे, असे संस्थेचे उत्तर होते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये त्याच औषधप्रकरणी अमेरिकेच्या न्याय खात्याशी ६५ कोटी डॉलरांची आणखी तडजोड झाली.

या नाराजीचे मूळ उघड आहे. गिऱ्हाईक कोणते घ्यावे हे थोडे भागीदार ठरवितात व नफाही मुख्यत्वे त्यांनाच मिळतो. मात्र नाव खराब झाले म्हणजे त्याची झळ उमेदवारी करणाऱ्या पोरालाही लागते. निर्णयात वाटा नाही आणि अपकीर्तीत आहे, हा हिशेब कोणालाही जुळविता येत नाही.

हे सारे दूरदेशीचे, असे मानण्याचे कारण नाही. २०२४ साली पुण्यातील एका जागतिक हिशेब व सल्लागार समूहाच्या कचेरीत काम करणारी एक तरुण सनदी लेखापाल निवर्तली. कामाच्या असह्य भाराविषयी तिच्या आईने प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मृत्यूस कामाचा भार कारण झाला हे कंपनीला मान्य नव्हते. तरी शासनाने चौकशी हाती घेतली. महाराष्ट्रात त्या वेळी लागू असलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने कामाची मर्यादा दिवसास ९ व आठवड्यास ४८ तास घातली होती. कायदा कागदावर असतो. दिवा केव्हा मालवावयाचा हे मात्र गादीवरचा मनुष्य ठरवितो.

आपल्या सभासदांची मुलेमुली आज पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे अशाच कचेऱ्यांत नोकरीस आहेत, आणि आपल्या दुकानांतही दुसऱ्यांची मुले राबतात. घरी आलेल्या मुलास पगाराचा आकडा विचारतो, त्याबरोबर तो किती वाजता जेवतो हेही विचारावे. आणि आपल्या गुमास्त्याने “शेठजी, हे बरोबर नाही” असे म्हटले, तर त्याला बसवून घेऊन त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. नाराज माणूस बोलतो आहे तोवर तो आपला आहे. तो गप्प झाला म्हणजे त्याचे पाऊल उंबरठ्याबाहेर पडलेच म्हणून समजावे.